नेलहासु

वडगावात, येळ्ळूर रोडच्या आतल्या गल्लीत
दोन खोल्या. अकरा महिन्यांचा करार.
मी हो म्हणायच्या आधी पायांनी नाही म्हटलं होतं:
रबरी कापड, त्यावर छापलेलं लाकूड,
दर दोन फुटांवर तीच गाठ, तोच डोळा.
एकाच झाडाच्या शंभर फोटोंवर उभी राहून
मी पोळ्या लाटते.

उन्हाळ्यात ते तळव्यांना धरून ठेवतं.
पलंगाशेजारी फुगे आलेत, पाय दिला की
फुस्स होतं, आणि जुन्या भाडेकरूचा
कोंडलेला वारा सुटतो.
गोकाककडचा कुणी औषधं विकणारा,
दोन डबे डिंक ओतून
हे चिकटवून गेला.
म्हणजे, तो गेला.

निंगव्वा कामकर, मालकीण, पाच तारखेला येते.
"काडू नको बाई. चांगलं आहे की. पुसलं की झालं."
आणि सातव्या कलमावर बोट ठेवते.

करार कानडीत. खाली सही माझी, मराठीत.
वाचून दाखवते ती कस्तुरी, माझी, सहावीतली,
बोट सरकवत, अडखळत:
"नेल... हासु... तेगेयबारदु.
काढायचं नाही, असं आहे. नेल म्हणजे जमीन."
आणि हासु?
"हसू असेल. जमिनीचं हसू काढू नये."
आम्ही दोघी हसलो.

ऑगस्टात कोपऱ्याला ओल्या पोत्याचा वास धरला.
रविवार बघून पलंग सरकवला.
वर्तमानपत्र पसरायचं, त्यावरून गरम इस्त्री,
डिंक नरमला की भाजीची सुरी आत सारायची,
उरलेल्याला रॉकेलची चिंधी.
तासाला एक हात निघतं.
कुणाला दिसणार नाही एवढंच काढायचं, असं ठरवलं होतं.

खाली शहाबादी, काळी पडलेली.
आणि मध्येच शहाबादी संपते:
तीन फूट बाय दोन, नुसतं सिमेंट,
रंग वेगळा, मधोमध जरा खचलेलं,
आडवं निजवलेलं दार असावं तसं.
कस्तुरीने वाटीने ठोकून पाहिलं.
"आई, इथे काहीतरी पुरलंय."

निंगव्वा त्या महिन्यात तीन तारखेलाच आली,
मोटारीचं बटण बघायला.
माझं वाक्य तयार होतं, ओल, वास, मुलीची सर्दी.
ती ऐकत नव्हती.
पदर खोचून सिमेंटच्या काठावर बसली,
पाय पुढे टाकले,
आणि उजवी टाच दाबली. मग डावी. मग उजवी.
हात आपोआप बाजूला गेला,
तिथे धोटा नव्हता.

"सासरा बसायचा. मागनं आमचे हे.
मागनं मी, सा वर्षं.
खड्ड्यात पाय सोडायचं, वर हात चालवायचं.
अर्धी बाई जमिनीत असतीया, बघ."
माग विकला तेव्हा लाकडाला कुणी विचारलं नाही,
ते चुलीत गेलं. खड्डा बुजवायला
सतरा घमेली माती लागली, तिने मोजली होती.
"आता खड्ड्यातनं भाडं येतंय की."

कस्तुरीला मात्र शब्दच पडला होता.
"अज्जी, हासु म्हणजे काय?"
"अंथरतात ते हासु.
आणि मागावर उभं सूत असतंय की, तेबी हासु.
आडवं जातंय ते होक्कु."
बोटांनी तिने हवेत एकातून एक ओवून दाखवलं,
एकदाच, फार भरभर.

मग गुडघ्यावर हात देऊन उठली.
"काडलीस ते काडलीस.
डिपॉझिटमधनं दोन हजार कट."
भाडं दोनदा मोजून घेतलं. चहा घेतला नाही.

आता अर्धी खोली छापील लाकडाची,
अर्धी दगडाची, आणि तो एक चौकोन.
रात्री दिवा न लावता पाण्याला उठले
तर तळव्यांना कळतं मी कुठवर आले.
बाकीचं काढायला अजून घेतलं नाही.
इस्त्री बिघडली आहे,
हे एक कारण.